मांडवी ते मालवण, शिडाच्या बोटीनं

आमचं मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवर. त्या रानात पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या समुद्राला जाणार, हे एखाद्या बांधावर ठरतं. कणकुंबीला मलप्रभा निघते, पूर्वेकडं वळते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात, देगावच्या रानात म्हादई निघते. ती मात्र पश्चिमेकडं घाट उतरते, सत्तरीतून वाहत जाते, पुढं मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. या पाण्यावरून कोर्टकचेऱ्या, मोर्चे आणि बंद आम्ही वर्षानुवर्षं बघत आलोय. ते पाणी शेवटी जिथं जातं, तिथं त्याच्यावर तरंगत समुद्रात शिरायचा योग मला यंदाच्या फेब्रुवारीत आला. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री आहे, धातूच्या ओतकामाची. मुख्य काम बीडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं: पंपाच्या बॉडी, पुली, ब्रॅकेट. अलीकडं थोडं गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) पण ओततो. माझा शाळेतला वर्गमित्र मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाला आणि गोव्यात एक जुनी शिडाची बोट घेऊन बसला. तेहतीस फूट लांब, एका डोलकाठीची. तो, वहिनी आणि मी असे तिघंजण निघालो. मांडवीतून बाहेर पडून आधी उत्तरेला वेंगुर्ला, निवती, मालवण; मग वाऱ्यासोबत खाली दक्षिणेला काणकोणपर्यंत, असा बेत. बंदर खात्याचे कागद, कोस्ट गार्डला कळवणं, रेडिओ, लाइफ जॅकेट ही सगळी तयारी मित्रानं केली. माझ्याकडं शिधा होता. फ्रीज नसलेल्या बोटीवर आपल्या भागातलं खाणं किती उपयोगी पडतं ते तिथं कळलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, सुकं खोबरं घातलेला मसाला, लोणचं. पहिल्या दिवशी मांडवीच्या मुखाशी, आगवाद किल्ल्याच्या बाहेरच्या लाटेत माझं पोट ढवळलं तेव्हा आल्याचा तुकडा चघळत कडक भाकरीचे कोरडे घास खाल्ले, तेवढंच पोटात टिकलं. कुंदा नेला होता तो पहिल्याच संध्याकाळी संपला.

निघण्याआधी बोट पाण्याबाहेर काढलेली होती, रंगासाठी. तिच्या तळाखाली मी बराच वेळ उभा होतो. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली एक जाड पातं असतं, कील म्हणतात. आमच्या बोटीचं कील बीडाचं, दीड टनाच्या आसपास. बोटीचं सगळं वजन साडेचार टन धरलं तर तिसरा हिस्सा फक्त या एका ओतकामात. जुना रंग खरवडला होता, त्यामुळं बीडाची कातडी उघडी पडली होती. वाळूच्या साच्याचा खडबडीतपणा अजून हाताला लागत होता. एका कडेला साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथली बारीक धार, ग्राइंडरनं घासूनही थोडी राहिलेली. मागच्या बाजूला दोन ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेली भोकं), कुणीतरी इपॉक्सीनं भरलेले. ज्यानं कुणी हे ओतलं त्यानं एवढा मोठा नग एका दमात भरला असणार, कारण मध्ये थांबलं असतं तर धातूत सांधा पडला असता आणि तो सांधा बाहेरून दिसला असता. तसा कुठंच नव्हता. कुठल्या देशातल्या कुठल्या भट्टीवर, कुणाच्या हातानं झालं हे मला माहीत नाही, पण काम चांगलं होतं. मी हात फिरवून त्याला नमस्कार केला.

कीलचं काम दुहेरी. वारा शिडावर दाबतो तेव्हा बोट कलते. जसजशी जास्त कलते तसतसं खालचं वजन बाजूला जातं आणि तिला परत सरळ करतं. दुसरं म्हणजे ते पातं बोटीला आडवं सरकू देत नाही. वारा बाजूनं ढकलतोय, पातं पाण्यात आडवं रोखतंय, आणि या दोन्हींच्या मधून बोट पुढं निसटते. वाऱ्याच्या काहीशी उलट दिशेला जाता येतं ते या पात्यामुळं. नुसतं शीड असतं तर वारा नेईल तिकडं गेलो असतो.

दिवाडी बेटाचं नाव इथं घ्यायलाच पाहिजे. मांडवीतल्या या बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलाची शिडाची बोट बांधली गेली, तिचं नाव 'म्हादेई'. आमच्या खानापुरातल्या नदीचं नाव. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे त्या बोटीतून एकटे पृथ्वीला फेरी घालून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. नंतर अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठंही न थांबता फिरून आले. 'तारिणी'ही इथलीच, २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. आणि आता 'कौंडिण्य': अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेलं, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. आमच्या तालुक्यातल्या किती पोरांना हे माहीत असेल? शाळेत म्हादई म्हटलं की पाणीवाटपाचा वाद तेवढा कानावर येतो. त्या नावाची बोट केप हॉर्नला वळसा घालून आली, हेही त्यांना कुणीतरी सांगितलं पाहिजे.

आता वाऱ्याबद्दल, कारण या किनाऱ्यावर सगळं त्याच्यावर चालतं.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो. ऑक्टोबर ते मेपर्यंत, पाऊस नसताना, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हे घड्याळ लावल्यासारखं चालतं. मध्यरात्रीनंतर पूर्वेकडून, सह्याद्रीच्या दऱ्यांतून थंड वारा सुटतो. त्याला गवताचा, धुराचा, कुठं काजूच्या मोहराचा वास असतो. सकाळी नऊ-दहापर्यंत तो टिकतो, मग मरतो. तासभर समुद्र तेलासारखा गुळगुळीत. बाराच्या सुमाराला पश्चिमेकडून पाण्यावर काळसर रेघ दिसते आणि ती जवळ येते. तो खारा वारा. दुपार चढेल तसा तो वायव्येला सरकतो, तीन-चार वाजता बारा ते पंधरा नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), कधी थोडा जास्त. सूर्य बुडला की कमी होत जातो.

आम्हाला जायचं होतं उत्तरेला. म्हणजे दुपारचा सगळ्यात दमदार वारा नेमका तोंडावर. वाऱ्याच्या थेट तोंडाला कुठलीही शिडाची बोट जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशाचा कोन ठेवावा लागतो. मग थोडं डावीकडं जायचं, बोट वळवायची, शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं, थोडं उजवीकडं जायचं. चोर्ला घाटात सरळ चढ नसतो, वळणं घेत घेत उंची गाठावी लागते, तसंच हे. नकाशावर पाच मैल पुढं गेलो तर बोटीनं सात-आठ मैल कापलेले असायचे.

म्हणून मित्रानं युक्ती अशी केली की खरा प्रवास रात्री दोन-तीनपासून सकाळी दहापर्यंत. त्या वेळी वारा पूर्वेचा, बोटीच्या उजव्या बाजूनं, आणि उत्तरेला जायला अगदी योग्य. किनाऱ्याच्या जवळ राहायचं, कारण जमिनीवरचा वारा फार आत समुद्रात पोचत नाही. दुपारी वायव्येचा वारा वाढला की एखाद्या भूशिराच्या आडोशाला नांगर टाकायचा, जेवायचं, झोपायचं. मोरजी, हरमल, तेरेखोलची खाडी, शिरोडा हे सगळं आम्ही पहाटेच्या उजेडात बघितलं. शिरोड्याच्या किनाऱ्याकडं बघताना १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवला.

वहिनी सुकाणूवर बसल्या की बोट सगळ्यात चांगली चालायची. त्यांचं लक्ष सतत शिडाच्या पुढच्या कडेवर. तिथं लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात; वारा शिडाच्या दोन्ही बाजूंनी नीट वाहत असेल तर धागे आडवे, सरळ मागं वाहतात. एका बाजूचा धागा नाचायला लागला की काहीतरी चुकतंय. "भावोजी, बघा की, आतला धागा नाचालाय. जरा ओढून घ्या," असं त्या म्हणायच्या आणि मी शिडाचा दोर ओढणाऱ्या विंचचा दांडा फिरवायचो. दोन वेढे आत आले की धागा शांत व्हायचा आणि बोटीचा वेग अर्ध्या नॉटनं वाढायचा. बोटीवर याच्याइतकं समाधान दुसऱ्या कशानं मिळालं नाही.

एकदा दुपारी वारा उतरण्याची वाट न बघता आम्ही निवतीच्या दिशेनं वायव्येच्या तोंडावर चढत गेलो. दुपारभर. बोट कललेली, पुढच्या भागावर पाणी फुटतंय, अंगावर मिठाचा थर. मित्रानं विचारलं, "इंजिन लावू काय रे?" मी म्हटलं, "नको. अजून दोन वळणं घेतली की पोचतोय की." दोनाच्या जागी पाच लागली, पण पोचलो शिडावरच.

त्या दुपारी माझ्या डोक्यात सारखा १६६५ चा फेब्रुवारी होता. शिवाजी महाराजांनी त्या महिन्यात मालवणहून आरमारासह दक्षिणेला कूच केलं. इंग्रजांच्या पत्रात पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं असा आकडा आहे. आज उडुपी जिल्ह्यात असलेल्या बसरूरवर छापा घातला, परतताना महाशिवरात्रीला गोकर्णला स्नान केलं. तिथून बहुतेक आरमार परत धाडलं, बारा गलबतं नद्या उतरायला ठेवली, आणि चार हजार माणसांनिशी खुष्कीनं अंकोल्यावरून कारवारला आले. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. पण दक्षिणेला जाताना सगळं झपाट्यानं आणि परतताना जमिनीवरून का, हे पुस्तकातून कधी लक्षात आलं नव्हतं. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की त्या सफरीत वायव्येच्या जोरदार वाऱ्यानं महाराजांना बरेच दिवस अडकवून ठेवलं. मालवणहून बसरूरला जाताना हा वारा पाठीशी असतो. परत येताना तोच वारा, तोच महिना, तोंडावर. आमच्या बोटीला खाली दीड टन बीडाचं पातं होतं, तिकोनी शीड होतं, तरी निवतीला पोचायला दुपार गेली. त्या काळच्या उथळ तळाच्या गलबतांना, इतक्या माणसांसकट, उत्तरेकडं चढणं किती जड गेलं असेल याचा अंदाज शरीरानं आला. कारवारपासून आपल्या मुलखात घोड्यावरून जाणं हा निर्णय वारा ओळखणाऱ्या माणसाचा होता, असं मला वाटतं.

वेंगुर्ल्याच्या वायव्येला चौदाएक किलोमीटरवर खडकांची एक रांग समुद्रातून वर आलेली आहे. इंग्रजी नकाशांवर ती वेंगुर्ला रॉक्स. आम्ही पहाटे निघून, मतलई वारा असतानाच तिथं पोचलो आणि लांबून वळसा घातला. भोवती पाण्याखाली खडक आहेत, उतरायचा विचारही केला नाही. काळपट दगड, वरच्या कडा पक्ष्यांच्या विष्ठेनं पांढऱ्या, एका खडकावर दीपगृह. त्या खडकांच्या कपारींत आणि गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा छोटा काळसर पक्षी लाळेनं घरटं बांधतो, गुहेच्या काळोखात टकटक आवाज करून प्रतिध्वनीवरून वाट काढतो. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९४० च्या दशकातच इथल्या पाकोळ्यांवर आणि सुरय या समुद्रपक्ष्यांवर लिहून ठेवलंय. लाळेच्या त्या घरट्यांचं पूर्वेकडच्या देशांत सूप करतात, त्यामुळं इथली घरटी चोरून विकली जायची. पिल्लं आत असताना घरटी खरवडायची. वनखात्यानं आणि निसर्गप्रेमींनी लक्ष घातल्यावर त्याला आळा बसला. सकाळच्या उजेडात त्या पाकोळ्या शेकड्यांनी बाहेर पडून किनाऱ्याकडं जाताना बघितल्या. किडे खायला त्या चौदा किलोमीटर उडत जमिनीवर जातात आणि परत येतात. कुणी पर्यटक बोटवाला तुम्हाला तिथं उतरवतो म्हणाला, तर कृपा करून नाही म्हणा. ती जागा त्यांची आहे.

वेंगुर्ल्याशी आपलं नातं जुनं. सतराव्या शतकात तिथं डचांची वखार होती. इंग्रजांनी बेळगावला छावणी बसवली तेव्हा तिला रसद पुरवायला वेंगुर्ला बंदरातून आंबोलीवरून रस्ता आला. शिपायांचं सामान, मीठ, नारळ, सुकी मासळी बैलगाड्यांनी घाट चढून बेळगावला यायची. १८८० च्या दशकात रेल्वे आली, मुरगावचं बंदर लोंढ्यामार्गे जोडलं गेलं, आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. पण बेळगावात हिंडलगा, सुळग्याकडं जाणाऱ्या त्या रस्त्याला आपण अजून वेंगुर्ला रोडच म्हणतो. माझी आजी सांगायची की तिच्या माहेरी मिठाचा गाडीवाला आला की घरात आधी त्याच्या बैलांना पाणी दाखवायचे. बंदराच्या धक्क्याकडं बोटीवरून बघताना त्या रस्त्याचं दुसरं टोक पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं. हवा स्वच्छ होती, मागं आंबोलीच्या डोंगराची रांग निळसर दिसत होती. त्याच्या पलीकडं चंदगड, शिनोळी, मग आपलं घर.

मालवणला बोट आत घालणं जोखमीचं. सिंधुदुर्गाभोवती आणि बंदराच्या तोंडाशी खडक पसरलेत, आणि आमचं कील पाण्यात दीड मीटरपेक्षा खोल जातं. बाहेरच वाळूचा तळ बघून नांगर टाकला. एक म्हातारा तांडेल (होडीचा प्रमुख) आपली होडी घेऊन जवळ आला. "खयसून इलात?" त्यानं विचारलं. बेळगावचे म्हटल्यावर "म्हणजे घाटावयले," म्हणाला आणि हसला. मग आकाशाकडं बघून म्हणाला, "दुपारचो वारो इलो काय हय लाट फुटता. त्येच्या आदी बोट हलवा." त्याच्याच होडीतून आम्ही किल्ल्यावर गेलो. त्यानं पूर्वी शिडाच्या होड्या चालवल्या होत्या. आता सगळ्यांना इंजिनं आली, शीड कुणी बांधत नाही, शीड शिवणारे कारागीरही राहिले नाहीत, असं सांगत होता. त्याची तक्रार नव्हती, इंजिनानं जीव वाचतात हेही त्यानंच सांगितलं. पण आमच्या बोटीचं शीड बघायला तो संध्याकाळी परत आला, कापड बोटांत चोळून बघितलं, टाके मोजले.

सिंधुदुर्गाचं काम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालं, कुरटे बेटावर. अठ्ठेचाळीस एकर जागा, वाकडीतिकडी फिरणारी तीनेक किलोमीटरची तटबंदी. आतमध्ये खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे सगळं शाळेच्या सहलीत प्रत्येकानं बघितलंय. मी या वेळी एका वेगळ्याच गोष्टीसाठी आलो होतो. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, पाच खंडी (वजनाचं जुनं माप) शिसं लागलं, असं बखरीत आहे. ओतकाम करणाऱ्या माणसाला हे वाचून वाटतं की सांगणाऱ्याला कामाची माहिती होती. शिसं ३२७ अंशांना वितळतं. साध्या लाकडाच्या जाळावर, लोखंडी कढईत. बीडाला हजारावर दीड-दोनशे अंश लागतात, भाता, भट्टी, कोळसा लागतो. लाटांच्या मध्ये, भरती-ओहोटीच्या दोन-चार तासांत, खडकावर ते अशक्य. शिसं मात्र ओहोटीला खडक उघडा पडला की तिथल्या तिथं वितळवून सांध्यात ओतता येतं. दगडाच्या खडबडीत पोटात घट्ट बसतं. मऊ असल्यामुळं लाटेचा धक्का खातं, तडकत नाही. खाऱ्या पाण्यात त्याच्यावर पातळ थर धरतो आणि आतलं शिसं सुरक्षित राहतं. फक्त एक काळजी: दगड ओला असता कामा नये. ओल्या जागेवर वितळलेला धातू पडला की वाफ होते आणि धातू उडतो. आमच्या फाउंड्रीत ओल्या साच्याचा हा धाक रोज असतो. इथं तर चारी बाजूंनी समुद्र. दगडातल्या खाचा आधी आगीनं वाळवून घेतल्या असणार, असं मी मनाशी धरतो. कुठल्या हातांनी ते केलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. तटाच्या पायाशी लाट येऊन आपटत होती आणि मी त्या माणसांचा विचार करत उभा होतो. मित्राला दोनदा हाक मारावी लागली.

खाली येणं लवकर झालं. वायव्येचा वारा पाठीशी, शीड पूर्ण बाहेर सोडलेलं, सहा नॉटनं बोट पळतेय आणि करायला काही नाही. जाताना ज्या अंतराला रात्र आणि सकाळ गेली ते येताना एका दुपारीत कापलं. मुरगावच्या बाहेर मोठी जहाजं नांगरून उभी, ग्रँडे बेटाजवळ डायव्हिंगच्या बोटींची गर्दी, पुढं काब द रामचा उंच कडा. पाळोळ्याला नांगर टाकला, कॅनाकोना बेटाच्या आडोशाला.

दुसऱ्या सकाळी पोळेच्या समोरून दक्षिणेला अंजदीव दिसलं. तिकडं नौदलाचा कदंब तळ आहे, बेट आता लाटरोधक भिंतीनं जमिनीला जोडलंय, जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. लांबूनच बघितलं. एवढ्याशा बेटावर काय काय घडलंय. १४९८ मध्ये वास्को द गामा परतीच्या वाटेवर इथं थांबला, जहाजं डागडुजीला काढली. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं किल्ला बांधला. १६६२ मध्ये इंग्रजांचे काहीशे शिपाई मुंबई ताब्यात घ्यायला आले, पोर्तुगीजांनी मुंबई दिली नाही, आणि सर अब्राहम शिपमनच्या हाताखालची ती फौज या बेटावर अडकून पडली. ताप, जुलाब, पाऊस. दोन-अडीच वर्षांत बहुतेक सगळे मेले, शिपमनही. उरलेल्यांनी मुंबईचा ताबा घेतला तो फेब्रुवारी १६६५ मध्ये. म्हणजे मालवणहून आरमार निघालं, गोकर्णला महाराजांनी स्नान केलं, त्याच महिन्यात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी 'त्रिशूल' या युद्धनौकेवरून उतरलेल्या नौदलाच्या तुकडीतले सात जण याच बेटावर धारातीर्थी पडले. वहिनींनी त्या दिशेला हात जोडले.

परतीला, काणकोण ते पणजी, पुन्हा रात्रीचा मतलई वारा. पहाटे बेतुलच्या समोर असताना चहा करायला आत गेलो तर पाण्याच्या नळीवरचा एक छोटा पितळी व्हॉल्व्ह हाताला लागला. रंग गुलाबी झालेला. चाकूच्या टोकानं खरवडलं तर धातू भुशासारखा निघाला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. दिसायला व्हॉल्व्ह तसाच, पण ताकद गेलेली. असा व्हॉल्व्ह पाण्याखालच्या भोकावर असेल तर एक दिवस दांडा फिरवताना हातात येईल आणि बोटीत पाणी शिरेल. मित्राला दाखवलं. त्यानं ताबडतोब लाकडी बूच दोरीनं त्या व्हॉल्व्हशेजारी बांधून ठेवलं आणि आम्ही उरलेले सगळे व्हॉल्व्ह एकेक करून तपासले. आणखी एक तसाच निघाला.

तर ते काम आता माझ्याकडं आहे. दोन्ही व्हॉल्व्ह मी बेळगावला आणले. गनमेटलमध्ये ओततोय: अठ्ठ्याऐंशी टक्के तांबं, दहा टक्के कथील, दोन टक्के जस्त, ज्याला समुद्राचं पाणी सहज खात नाही. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, तयार झालाय. आमच्या पॅटर्नमेकरनं विचारलं, हे कुठल्या पंपाचं? मी त्याला बोटीचे फोटो दाखवले. आता तो पोराला घेऊन गोव्याला यायचं म्हणतोय. करंजाळे-दोना पावला भागात शिडाच्या लहान होड्या शिकवतात, तिथं त्याला घालायचं चाललंय. चोर्ला घाट उतरून तीन-साडेतीन तासांवर हे सगळं आहे. तुमच्या घरात बारा-चौदा वर्षांचं पोर असेल तर सुट्टीत नक्की विचार करा.

बोट मेअखेर पाण्याबाहेर येईल, जून-जुलैत या समुद्रात शिडाचं काही काम नाही. ऑक्टोबरात नवे व्हॉल्व्ह बसवून उतरवायची आणि मुर्डेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटापर्यंत जायचं ठरलंय. जाताना वायव्येचा वारा पाठीशी. परत येताना होन्नावर, कुमठा, अंकोला असे छोटे टप्पे, रात्री दोनला उठून, मतलई वाऱ्यावर. तिघांच्या बोटीत चौथ्याला जागा आहे; पुतण्या येतो म्हणालाय, त्याला मी आधी विंच फिरवायला शिकवणार आहे.